कप्तानाची टोपी आणि रक्तदाबाचा वरचा आकडा

बारावीचा निकाल लागला की मुलांच्या मोबाईलवर एका जातीचे व्हिडिओ फिरू लागतात. डोळे मिटा, दहा वर्षांनंतरचे स्वतःला पाहा, सगळे मिळालेच आहे असे रोज सकाळी अनुभवा, बाकीचे विश्व बघून घेईल. गोव्यातल्या वास्कोतला मुलगा मग स्वतःला जहाज चालवायच्या खोलीत, म्हणजे ब्रिजवर, खांद्यावर चार पट्ट्या लावून उभा पाहतो. आजोबा, काका, शेजारी असे तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारे, भोवती असतातच, त्यामुळे चित्र लख्ख दिसते. वडीलधाऱ्यांना काळजी वाटते, आणि तेही एका ऐकीव वाक्यावर विसंबतात: पंचविशीपर्यंत मेंदू कच्चाच, येईल हळूहळू अक्कल.

पंचविशीचे आधी उरकतो. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स उशिरा पक्व होतो हे खरे. पण मेंदूचे अभ्यासक जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एमआरआयच्या आधारे दाखवले की तिथला करडा भाग (ग्रे मॅटर) अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि मग विरळ होत जातो. मज्जातंतूंभोवतीचे मायलिनचे वेष्टण तर तिशीतही वाढत राहते. पंचविसाव्या वाढदिवसाला ओलांडायची अशी रेघ कुठेच नाही. नुसती वाट पाहिल्याने शहाणपण येत नाही.

डोळे मिटून पाहण्याचा परिणाम मात्र खरा आहे, फक्त उलट्या दिशेचा. तो रक्तदाबात मोजता येतो.

१२०/८० यातला वरचा आकडा, सिस्टोलिक दाब, हृदय आकुंचन पावते तेव्हाचा. समोर अवघड पण जमण्याजोगे काम आले की शरीराला सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था हृदयातल्या बीटा ग्राहींना, म्हणजे तिचा संदेश घेणाऱ्या जागांना, चेतवते, आकुंचन जोरकस होते आणि हा आकडा चढतो. खालचा आकडा रक्तवाहिन्यांच्या विरोधावर अधिक अवलंबून, म्हणून माणसाने कंबर कसली की नाही हे पाहायला वरचाच उपयोगी. या चढण्याचा आकार फार सुंदर आहे. कामाची अवघडता वाढते तसा आकडा वाढतो, आणि काम अशक्य वाटले की एकदम कोसळतो. काम झालेलेच असेल तर तो चढण्याचे कारणच नाही. शरीर उधळपट्टी करत नाही.

आता कल्पनेतली कप्तानाची टोपी घ्या. त्या चित्रात प्रवेशपरीक्षा नाही, वैद्यकीय तपासणी नाही, कॅडेटचे, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याचे, दिवस नाहीत. शरीरासमोर येते ते संपलेले काम. हेदर कॅपस आणि गाब्रिएले एटिंगेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली हेच मोजले: आदर्श भविष्याची गोड कल्पना करायला लावली की सिस्टोलिक दाब उतरतो. पोटभर जेवलेल्यापुढे ताट ठेवावे, तशी त्या मुलाची गत.

एटिंगेन आणि मायर यांचा २००२ सालचा जर्मन पदवीधरांचा अभ्यास थेट नोकरीविषयी होता. नोकरी लागल्याच्या कल्पनेत अधिक रमणाऱ्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले होते, त्यांना नोकऱ्या कमी चालून आल्या आणि पगारही कमी होता. ज्यांची अपेक्षा चांगली होती, त्यांचे उलट. अपेक्षा गाठीच्या अनुभवावर बेतलेली असते, कल्पनेला त्याची गरज नसते. ‘विश्वाकडे मागा’ असे शिकवण्याचे पैसे घेणाऱ्यांचा, पत्रिकेत परदेशगमनाचा योग काढून देणाऱ्यांचा राग येतो तो यासाठी. जो अर्ज करायचा होता तोच राहून जातो.

उपाय कागदावरचा आहे, पण क्रम महत्त्वाचा. पुढच्या चार आठवड्यांत साधेल अशी एक इच्छा लिहा. ती पुरी झाली तर सर्वांत चांगले काय होईल, ते दोन-तीन मिनिटे मनात पाहा. मग लगेच, स्वतःमधला मोठा अडथळा पाहा. आधी अडथळा आणि मग स्वप्न असे उलटे केले तर परिणाम होत नाही, कारण अडथळा त्या इच्छेच्या आड येणारा म्हणून दिसायला हवा. बहुतेकांची चूक इथेच होते: ‘ओळख नाही’, ‘पैसे नाहीत’ असे बाहेरचे लिहून थांबतात. शेवटी जर-तरचे एक वाक्य: संध्याकाळी मैदानावरून हाक आली, तर वीस गणिते संपवूनच निघेन. ‘खूप मेहनत करीन’ हे वाक्य बाद, त्यात वेळही नाही आणि कृतीही.

यश शक्य दिसत असेल तर याने जोर चढतो, नसेल तर माणूस ती इच्छा वेळीच सोडतो. हा दुसरा परिणाम मला जास्त मोलाचा वाटतो.

कप्तान होण्याची वाट जहाज चालवणाऱ्या डेक अधिकाऱ्यापासून सुरू होते. त्यासाठी बारावीत भौतिक, रसायन, गणित मिळून सरासरी ६० टक्के, इंग्रजीत दहावी किंवा बारावीला ५०, मग प्रवेशपरीक्षा. डीएनएस या नौकानयनाच्या पदविकेचे एक वर्ष, त्यानंतर कॅडेट म्हणून समुद्रावर १८ महिने, त्यापुढे सेकंड मेटची, म्हणजे डेक अधिकाऱ्याच्या पहिल्या परवान्याची, परीक्षा. अशा पाच पायऱ्या धरल्या आणि प्रत्येक जमण्याची शक्यता दहात सात मानली, तरी पाचही पार होण्याची शक्यता साधारण १७ टक्केच. म्हणून जी पायरी अभ्यासाने बदलत नाही ती आधी तपासावी. लाल-हिरवा भेद न कळणाऱ्याला डेकवर जागा नाही, जहाजांचे दिवेच त्या रंगांचे असतात. इशिहाराच्या रंगीत ठिपक्यांची चाचणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे काही मिनिटांत होते. ती अकरावीतच करावी, म्हणजे गोवा शिपयार्ड किंवा मुरगाव बंदरातल्या किनाऱ्यावरच्या कामांचा विचार करायला मुलाच्या हाती दोन वर्षे उरतात.