एमसीबी असली तरी गिझरचा शॉक लागू शकतो

नौपाड्यातल्या जुन्या इमारतींपासून घोडबंदर रोडच्या टॉवरपर्यंत ठाण्यात एक समज पक्का आहे: गिझरला एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आहे, म्हणजे शॉकची भीती नाही. हा समज चुकीचा आहे. एमसीबी वायरिंगला जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून वाचवते. 2000 वॉटचा गिझरच सुमारे 9 अँपिअर घेतो, त्यामुळे अंगातून 50 मिलिअँपिअरचा जीवघेणा प्रवाह गेला तरी 16 अँपिअरची एमसीबी ढिम्म हलत नाही. शॉकपासून वाचवण्याचे काम 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे (प्रवाह गळू लागताच वीज तोडणारा स्विच) असून जोडीला धड अर्थिंग हवेच. आरसीसीबीचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे. गिझर लावताच ती पडत असेल, तर बहुधा कॉइल खराब झालेली असते. अशा वेळी आरसीसीबीच बायपास करून देणाऱ्या इलेक्ट्रिशियनला (असे महाभाग भेटतात) दारातूनच परत पाठवावे.