चाळिशी नक्की कधी लागते?

2024 मध्ये "डोळ्यात थेंब टाका, वाचायचा चष्मा फेका" ही बातमी सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरत होती, आठवतंय? कंपनीने परवानगीत नसलेले दावे केले म्हणून औषध नियंत्रकांनी थेंबांची परवानगीच स्थगित केली, पण तोवर आमच्या ओळखीतले तिघेचौघे मेडिकलवर विचारूनसुद्धा आले होते. त्या थेंबांत होतं पायलोकार्पिन नावाचं औषध. त्याने बाहुली लहान होते आणि काही तास जवळचं जरा स्पष्ट दिसतं. मुठीला बारीक फट ठेवून त्यातून पेपर वाचून बघा, तोच प्रकार. डोळ्यातलं भिंग होतं तसंच राहतं.

आणि खरी गंमत त्या भिंगातच आहे. ते बारीक धाग्यांनी एका गोल स्नायूला टांगलेलं असतं. जवळचं बघताना स्नायू आवळतो, पण त्याने धागे ताणले न जाता सैल पडतात आणि भिंग आपोआप फुगतं. हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1855 मध्ये सांगितलं. आता फुगायला भिंग मऊ हवं ना, तिथेच घोळ आहे. भिंग कांद्यासारखं वाढतं, नवीन थर बाहेरून चढतात आणि जुने आत दाबले जातात. प्रकाश अडू नये म्हणून आतल्या पेशी आपलं केंद्रक, मायटोकाँड्रिया सगळं टाकून देतात, त्यामुळे नवीन प्रोटीन बनवायची सोयच उरत नाही. म्हणजे गाभ्यातलं क्रिस्टलीन नावाचं प्रोटीन तुम्ही आईच्या पोटात असतानाचं आहे, तेच जन्मभर पुरवायचं! त्यातलं अल्फा क्रिस्टलीन बिघडलेल्या बाकीच्या प्रोटीनना सांभाळून घेतं, पण तेही वापरलं जाऊन संपत येतं, मग गाभा कडक होत जातो. या न बदलणाऱ्या गाभ्यातला किरणोत्सारी कार्बन मोजूनच 2016 मध्ये ग्रीनलंड शार्कचं वय काढलं, सगळ्यात मोठी मादी साधारण 392 वर्षांची निघाली (अंदाजात 120 वर्षं इकडेतिकडे, पण तरी).

दहा वर्षांच्या पोराला साधारण 7 सेंटीमीटर इतक्या जवळचंही स्पष्ट दिसतं, चाळिशीत 20-25 आणि पन्नाशीत अर्धा मीटर, म्हणजे पेपर धरायला हातच पुरत नाही. उतार शाळेतच सुरू झालेला असतो, आपल्याला कळतो चाळिशीत एवढंच. त्यामुळे डोळे गरागरा फिरवायचे व्यायाम, आवळा, डोळ्यात मध वगैरे सोडून द्या. स्नायू बऱ्यापैकी ठणठणीत असतो हो, कडक झालंय ते भिंग. आणि मध तर कृपा करून पोळीलाच लावा.

चष्म्याची लाज मात्र अजून आहे, खरं तर साध्या चष्म्यानेही केवढा फरक पडतो बघा. आसामात चहाची पानं खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या मजुरांना साधे जवळचे चष्मे दिले, तर चष्मा न मिळालेल्यांपेक्षा त्यांचं काम सुमारे 22 टक्क्यांनी वाढलं, हा अभ्यास 2018 मध्ये लॅन्सेटच्या जागतिक आरोग्याच्या अंकात आला होता.

आणि "मला पन्नाशीतही चाळिशी लागली नाही" म्हणणारे काका भेटले तर नीट बघा, बहुतेकदा त्यांचा नंबर मायनस असतो, वाचताना ते हळूच चष्मा कपाळावर सरकवतात.