लघुग्रहांचे परिवलन व आकार

दुर्बिणीतून लघुग्रह बहुधा नुसता ठिपका दिसतो. तो स्वतःभोवती किती वेळात फिरतो, गोल आहे की लांबोडका, हे त्याच्या बदलत्या तेजावरून आणि रडारच्या प्रतिध्वनीवरून ठरवतात.

भुईमुगाची दोनदाणी शेंग मधोमध दोऱ्याला बांधून दिव्यासमोर आडवी फिरवावी. लांब बाजू समोर आली की ती उजळते, टोक आले की मंदावते. एका फेऱ्यात दोनदा. त्यामुळे तेज व वेळ यांचा आलेख, म्हणजे प्रकाशवक्र, बहुधा दोन शिखरांचा असतो. एकच शिखर मोजून फेरा पुरा झाला म्हणणारा नवखा परिवलनकाळ निम्माच सांगतो.

एरॉस या लघुग्रहाच्या तेजातले चढउतार १९०१ मध्ये लक्षात आले. तो ५ तास १६ मिनिटांत फिरतो. कधी त्याचे तेज चौपटीने बदलते, तर अक्ष आपल्याकडे रोखलेला असताना वक्र जवळजवळ सपाट होतो. म्हणून आकारासाठी निरनिराळ्या प्रतियुतींमधले (लघुग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतानाचे) वक्र लागतात. त्यांवरून उलट गणित मांडून आकार काढण्याची आज रूढ असलेली पद्धत फिनलंडचे गणितज्ञ मिक्को कासालाइनेन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली. तिच्यातून सहसा बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत न दबलेला, आकार मिळतो. शेंगेवर फडके ताणून बांधावे तशी मधली खाच त्यात बुजते. शिवाय लहान पण उजळ आणि मोठा पण काळपट, हा भेद नुसत्या तेजावरून कळत नाही.

ही उणीव रडार भरून काढते. जवळच्या भागावरून प्रतिध्वनी आधी येतो, लांबच्या भागावरून उशिरा. आपल्याकडे येणाऱ्या कडेवरून त्याची वारंवारता वाढते, दूर जाणाऱ्या कडेवरून घटते. या दोन मापांचा पट म्हणजे रडारचित्र. ते छायाचित्रासारखे वाचता येत नाही, कारण पृष्ठावरच्या दोन वेगळ्या जागा त्यात एकाच ठिकाणी पडू शकतात. १९८९ मध्ये पोर्टो रिकोतल्या अरेसिबो वेधशाळेच्या रडारने कॅस्टालिया या लघुग्रहाचे दोन गोळे एकमेकांना चिकटलेले दाखवले. बेन्नू या लघुग्रहाचा भोवऱ्यासारखा आकारही आधी रडारवरूनच काढला होता; २०१८ मध्ये यान तिथे पोहोचले तेव्हा तो बराचसा बरोबर निघाला. मात्र अंतर दुप्पट झाले की प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर येतो, म्हणून रडारचा उपयोग मुख्यतः पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांना. अरेसिबोची दुर्बीण २०२० मध्ये कोसळली. त्यानंतर मुख्य भिस्त कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या ७० मीटर व्यासाच्या अँटेनावर आली.

मराठवाड्यातल्या हौशी निरीक्षकाला करता येण्याजोगे काम प्रकाशवक्राचे. छत्रपती संभाजीनगर सुमारे २० उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरात प्रतियुतीला आलेला लघुग्रह मध्यरात्री बहुधा डोक्यावरच असतो. रात्र तेरा तासांची. एरॉससारख्याचे दोन फेरे एका बैठकीत हाती लागू शकतात. बारा तासांत फिरणारा मात्र रोज त्याच वेळी तीच बाजू दाखवतो. त्यासाठी दुसऱ्या रेखांशावरचा जोडीदार हवा. पावसाळ्यात दुर्बीण झाकूनच ठेवावी लागते. विरळ ढग किंवा धूळ असली तरी निभते, कारण लघुग्रहाचे तेज ज्यांच्याशी ताडून पाहतात ते त्याच छायाचित्रातले तारेही तितकेच मंदावतात. खरा वैताग रब्बीत, रात्रीची लाईट आल्यावर: शेजारच्या विहिरीवर मोटार सुरू होते, खांबावरचा दिवा लागतो आणि वक्रातले ठिपके विखरू लागतात.