उन्हाळी की परमा? गोळी मागण्याआधी हे वाचा

एप्रिल-मे आला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रोज ऐकू येतं, "उन्हाळी लागलीय, काहीतरी द्या." सोलापूरचा पारा ४२ च्या वर गेल्यावर लघवी गडद होणार, जळजळणार. दिवसभर भरपूर पाणी प्यायलं, धण्याचं पाणी किंवा सब्जा घेतला की दोन दिवसांत उतार पडतो.

पण जळजळीबरोबर पिवळसर-हिरवट पू येत असेल, सकाळी चड्डीवर डाग दिसत असेल, तर ती उन्हाळी नव्हे. बहुधा तो परमा, म्हणजेच गनोरिया. शरीरसंबंधातून लागणारा हा जंतुसंसर्ग पुरुषांत बहुतेकदा आठवडाभरात दिसतो. बायकांचं अवघड आहे. पुष्कळजणींना काहीच जाणवत नाही; कुणाला अंगावरून जास्त जातं, कुणाचं ओटीपोट दुखतं. तेवढ्यात जंतू गर्भनलिकेपर्यंत पोचला तर पुढे मूल राहायला अडचण येते. गरोदर बाईला संसर्ग असेल तर बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांना धोका असतो.

मागच्या उन्हाळ्यात यंत्रमागावर काम करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने खिशातून तीन अर्धवट पाकिटं काढून काउंटरवर मांडली. तिन्ही वेगवेगळ्या अँटिबायोटिकची, दोन-दोन गोळ्या खाऊन सोडलेली. पू कमी झाला, पण थांबला नव्हता. अशानेच जंतू औषधाला दाद देईनासा होतो. एकेकाळी सिप्रोफ्लॉक्सासिनवर परमा बरा व्हायचा, आता त्या गोळीचा भरवसा उरलेला नाही. म्हणून चिठ्ठीशिवाय आम्ही अँटिबायोटिक देत नाही, राग मानू नका.

डॉक्टर लघवी किंवा पू तपासतात आणि बहुतेक वेळा सेफ्ट्रिॲक्सोनचं एक इंजेक्शन देतात. सोबत क्लॅमिडिया, म्हणजे शरीरसंबंधातूनच लागणारा दुसरा जंतुसंसर्गही असू शकतो, त्यासाठी वेगळ्या गोळ्या लागतात. त्या पूर्ण संपवा. एचआयव्हीची आणि गरमीची (उष्णता नव्हे, सिफिलिस हा गुप्तरोग) व्हीडीआरएल नावाची रक्ततपासणीही त्याच वेळी करून घ्या. जोडीदाराला त्रास नसला तरी उपचार दोघांनी घ्यायचे. एकानेच घेतले तर तोच आजार परत लागतो. उपचारानंतर ७ दिवस संबंध टाळा. घरी सांगणं जड जातं हे आम्हाला कळतं, डॉक्टरांसमोर दोघांनी मिळून बोललं तर सोपं जातं.

पैशाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतात. तपासणी आणि औषध मोफत, माहिती गुप्त. १०९७ या सरकारी हेल्पलाइनवर फुकट फोन करून विचारता येतं.

दुकानात गर्दी असेल तर "हा कागद वाचला" एवढंच म्हणा. आम्ही काउंटरबाहेर येऊन बाजूला बोलू.