ल्यू यिन : चिनी वैद्यकातील बाह्य रोगकारके आणि त्यांची ओळख

पारंपरिक चिनी वैद्यकात बाहेरून शरीरात शिरून आजार घडवणाऱ्या सहा रोगकारकांना मिळून ल्यू यिन म्हणतात. वारा, थंडी, उन्हाळी उष्मा, ओल, कोरडेपणा आणि अग्नी हे ते सहा. हवामानाच्या याच अवस्था ऋतूला धरून आणि बेताने असल्या तर निरुपद्रवी मानल्या जातात. त्या अवेळी किंवा अतिरेकाने आल्या, अथवा शरीराची राखण करणारी वेइ ची (‘ची’ म्हणजे जीवनशक्ती) दुबळी झाली, की त्यांचे रोगकारकात रूपांतर होते. सोंग काळातील वैद्य छेन यान याने ११७४ साली रोगकारणांचे तीन वर्ग मांडले. ल्यू यिन पहिल्या वर्गात येतात. दुसऱ्यात सात भावना आणि तिसऱ्यात आहार, श्रम, जखमा, दंश अशी उरलेली कारणे आहेत. आयुर्वेदातील वाताशी यातल्या वाऱ्याची गल्लत करू नये. वात हा शरीरातलाच दोष, हा वारा बाहेरचा.

नावे हवामानाची असली तरी निदान हवामान पाहून केले जात नाही. पावसात भिजलेल्या माणसाला थंडीचाच आजार झाला असे वैद्य गृहीत धरत नाही. त्याचा घसा लाल असेल, तहान लागत असेल आणि नाडी जलद असेल, तर निदान ‘वारा-उष्णता’ असेच होते. आधी लक्षणे जुळवायची आणि त्यांवरून मागे जात कारण ठरवायचे, अशी ही उलटी वाट आहे. त्यामुळे ‘थंडी’ हे निदान म्हणजे रुग्णाला कशाची बाधा झाली याची नोंद नसून शरीर त्या बाधेला कसा प्रतिसाद देते याचे वर्णन असते. अंगात मुळातच उष्णता असलेल्या माणसात शिरलेली थंडी लवकर उष्णतेत बदलते, असेही सिद्धांत सांगतो.

पहिला प्रश्न असतो तो आजार अजून पृष्ठभागावर आहे की आत उतरला आहे हा. तापासोबत पांघरूण घेऊनही न जाणारी थंडी वाजत असेल, तर आजार पृष्ठभागावर. पांघरूण घेताच किंवा शेकताच जाणारी, ताप नसलेली थंडी ही आतली यांग, म्हणजे ऊब देणारी, शक्ती क्षीण झाल्याची खूण. तिथे घाम काढणारे औषध देणे घातक मानतात. ‘अंशभर थंडी उरली तर अंशभर आजार पृष्ठभागावर उरला’ असे चिनी वैद्य म्हणतात, ते याच अर्थाने.

याला दुजोरा नाडीचा आणि जिभेचा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला छुन, ग्वान आणि छी या तीन जागी तीन बोटे ठेवतात. हलक्या स्पर्शाला ठळक लागणारी आणि दाबताच मंदावणारी नाडी ‘तरंगती’, म्हणजे आजार वरवरचा. वैद्याच्या एका पूर्ण श्वासात चार ते पाच ठोके पडणे स्वाभाविक. पाचाहून जास्त पडले तर उष्णता, चाराहून कमी पडले तर थंडी. जीभ दिवसाच्या उजेडात पाहतात. इथे चुका फार होतात : कॉफी किंवा रंगीत गोळीने जिभेचा थर रंगतो, तोंडाने श्वास घेणाऱ्याची जीभ उगाच कोरडी दिसते, आणि रुग्णाने ती जोर लावून बराच वेळ बाहेर धरली तर रंग गडद होतो.

वारा एकटा क्वचितच येतो. इतर रोगकारकांना तो आत आणतो, म्हणून रोजच्या सर्दी-तापात खरी निवड वारा-थंडी आणि वारा-उष्णता यांतच करावी लागते. वारा-थंडीत हुडहुडी जास्त आणि ताप कमी असतो. घाम येत नाही, अंग ठणकते, नाकातून पाण्यासारखा स्राव होतो, तहान नसते, जिभेवर पातळ पांढरा थर असतो आणि नाडी तरंगती व ताणलेली लागते. वारा-उष्णतेत ताप जास्त आणि थंडी किरकोळ, घसा दुखरा, शेंबूड पिवळा व घट्ट, जिभेचे टोक लाल, नाडी तरंगती व जलद. एकाच लक्षणावर निर्णय घेणे ही नवशिक्याची चूक. पिवळा शेंबूड एकट्याने काही सिद्ध करत नाही. थंडी, तहान, घसा आणि नाडी यांनी एकच दिशा दाखवली पाहिजे.

ओल ओळखायची तिच्या जडपणावरून : डोक्याला फडके गुंडाळल्यासारखे वाटणे, हातपाय जड, भूक मेलेली, जिभेवर चिकट थर आणि दिवसेंदिवस रेंगाळणारा ताप. उन्हाळी उष्मा फक्त उन्हाळ्यातच येतो आणि बहुधा ओलीला घेऊन येतो. कोरडेपणा शरद ऋतूतला. कोरडा खोकला आणि फुटलेले ओठ यांवरून तो कळतो. अग्नी ही उष्णतेचीच टोकाची पायरी.

उपचारांचा पाया चांग चुंगचिंग या वैद्याने इसवी सन २०० च्या सुमारास ‘शांगहान लुन’ या थंडीच्या आजारांवरील ग्रंथात घातला. दहा वर्षांच्या आत आपल्या कुळातली दोनतृतीयांश माणसे गेली आणि त्यांतली दहापैकी सात अशा तापांनी गेली, असे त्याच्या प्रस्तावनेत आहे. घाम नसलेल्या वारा-थंडीला तो माहुआंग काढा देतो; त्यात माहुआंग (एफेड्रा), दालचिनीच्या कोवळ्या काड्या आणि ज्येष्ठमध यांचे प्रमाण ३ : २ : १ असते, शिवाय जर्दाळूच्या ७० बिया. घाम येत असेल तर हा काढा वर्ज्य. तिथे ग्वेइची काढा : दालचिनीच्या काड्या ३, पिओनीचे मूळ ३, आले ३, ज्येष्ठमध २ भाग आणि सुकी चिनी बोरे १२. काढा घेतल्यावर थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्यायची आणि सुमारे दोन तास पांघरूण घेऊन पडायचे. अंग नुसते ओलसर झाले पाहिजे. घाम पाण्यासारखा वाहिला तर आजार जात नाही, उलट शरीरातले द्रव आणि यांग खर्ची पडतात. एका मात्रेने बरे वाटले तर उरलेला काढा टाकून द्यायचा. माहुआंगमधील एफेड्रिन हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढवते. अमेरिकेत एफेड्रायुक्त पूरक पदार्थांवर २००४ मध्ये बंदी आली.

ग्रंथाचा बराच भाग चुकलेल्या उपचारांनी काय बिघडते यालाच दिलेला आहे, आणि तो सर्वांत उपयोगी आहे. पृष्ठभागावरचा आजार असताना रेचक दिले तर रोगकारक आत ओढला जातो आणि छातीखाली दाटून येते. वारा-थंडीला कडू, थंड औषधे दिली तर ती आतच कोंडली जाते. अंग तापलेले असूनही रुग्ण कपडे ओढून घेत असेल तर उष्णता कातडीत आणि थंडी मज्जेत, असे हा ग्रंथ बजावतो; नुसत्या तापमानावर विसंबणारा इथे फसतो.

आत उतरलेल्या आजाराचा माग चांग सहा टप्प्यांत काढतो. थंडी आणि ताप आलटून पालटून, तोंड कडू, म्हणजे शाओयांग. थंडी गेली, ताप, घाम आणि तहान तीनही जोरात, म्हणजे यांगमिंग. उष्ण तापांना ही चौकट अपुरी पडते, असे पुढे अनेकांना वाटले. सुचौचा ये त्यानशी (१६६७–१७४६) याने वेइ (राखण), ची (जीवनशक्ती), यिंग (पोषण) आणि श्युए (रक्त) असे बाहेरून आत जाणारे चार थर मांडले. रात्री वाढणारा ताप आणि गडद लाल जीभ दिसली की यिंग. रक्तस्राव सुरू झाला की श्युए. वू च्युथोंग याच्या १७९८ च्या ग्रंथात वारा-उष्णतेसाठी यिनछियाओ चूर्ण येते. ते फार वेळ उकळायचे नसते. वास दरवळू लागला की उतरवायचे, नाहीतर त्याचा हलकेपणा जातो.

सहा रोगकारकांचे हे गणित साथींना लागू पडत नाही, असे वू योउख या वैद्याने १६४२ मध्येच म्हटले होते. लहानथोर सर्वांना एकसारखा आजार होतो, तर तो ऋतूचा दोष नव्हे. नाका-तोंडावाटे शिरणारी वेगळी ‘ली ची’ (साथ आणणारी घातक ची) त्याला कारण, असा त्याचा तर्क होता. तरी जुनी भाषा टिकून राहिली. चीनच्या २०२० मधील कोविड मार्गदर्शिकेत सौम्य आजाराची विभागणी ‘फुप्फुसात कोंडलेली थंड ओल’ आणि ‘फुप्फुसात साचलेली ओलसर उष्णता’ अशी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात २०१९ पासून अशा लक्षणसमूहांना संकेतांक आहेत, पण त्यांचा हेतू नोंदणीचा आहे, परिणामकारकतेची ग्वाही देण्याचा नाही.

वारा किंवा ओल नावाचा घटक प्रयोगशाळेत सापडत नाही, आणि एकाच रुग्णावर दोन वैद्यांचे निदान जुळेलच असेही नाही. मोठा धोका वेगळाच आहे. ताप, थंडी, डोकेदुखी आणि ताठरलेली मान हे ‘शांगहान लुन’मधले पृष्ठभागावरच्या आजाराचे वर्णन, आधुनिक वैद्यकात हीच लक्षणे मेंदूज्वराची असू शकतात. म्हणून आज चिनी वैद्यकाच्या रुग्णालयांतही नाडी-जिभेसोबत रक्ततपासणी आणि छातीची क्ष-किरण तपासणी होते. मान ताठ असेल, शुद्ध हरपत असेल किंवा अंगावर दाबूनही न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके असतील, तर काढ्याची निवड करत बसू नये, रुग्णाला ताबडतोब आपत्कालीन विभागात न्यावे.