एसाशी ओइवाके

जपानच्या होक्काइदो बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावरील एसाशी बंदराचे विरहगीत. (बेटाच्या उत्तर भागातही एसाशी नावाचे गाव आहे, त्याचा या गाण्याशी संबंध नाही.) ‘ओइवाके’ म्हणजे रस्त्याला फाटा फुटतो ती जागा. मध्य जपानमधल्या शिनानो प्रांतात (आजचे नागानो) नाकासेन्दो आणि होक्कोकु काइदो हे मार्ग जिथे वेगळे होत, त्या ओइवाके गावातल्या घोडेवाल्यांचे हे मूळ गाणे. एचिगोच्या (आजच्या निइगाताच्या) किनाऱ्यावरून ते कितामाएबुने या व्यापारी गलबतांबरोबर उत्तरेला गेले आणि हेरिंग मासळीच्या हंगामात गजबजणाऱ्या एसाशीत स्थिरावले. चालीत घोड्याची टाप उरली नाही, लाटांची हेल आली.

सर्वांत हृद्य कडवे एका स्त्रीच्या तोंडी आहे. प्रियकर मासेमारीला उत्तरेकडे निघालेला. ओशोरो, ताकाशिमा तर आवाक्याबाहेरच, पण निदान उतासुत्सु, इसोयापर्यंत तरी सोबत येऊ दे, असे ती म्हणते. ओशोरो आणि ताकाशिमा कामुई भूशिरापलीकडे, उतासुत्सु आणि इसोया अलीकडे; भूशिरापलीकडे स्त्रियांना नेण्यास त्या काळी बंदी होती, हे ठाऊक नसेल तर ही गावांची नुसती यादी वाटते. या बंदीमागे दंतकथा सांगतात, तीही विरहाचीच: बाराव्या शतकातला योद्धा योशित्सुने सोडून गेल्यावर चारेन्का या ऐनू (होक्काइदोच्या मूळ रहिवाशांपैकी) तरुणीने तिथे समुद्रात उडी घेतली आणि स्त्रियांना नेणाऱ्या जहाजांना शाप दिला.

पूर्ण गायनाचे तीन भाग असतात: माए-उता (आधीचे गाणे), होन-उता (मुख्य गाणे), आतो-उता (नंतरचे गाणे). कस लागतो तो मधल्या होन-उतात. ७-७-७-५ अशी अवघी २६ अक्षरे सात ओळींत विभागून सुमारे २ मिनिटे २० सेकंद गायची. एक ओळ, एक श्वास. म्हणजे दर ओळीला साधारण २० सेकंद. ठेका नाही. साथीला शाकुहाची ही बांबूची बासरी, आणि ओळींच्या मधल्या जागा भरणारी ‘सोइ-काके’ची हाळी. बासरी गायकाच्या मागून चालते. गायकच बासरीची वाट पाहू लागला की ओळ तुटते.

स्वर खालून उचलून घेणे म्हणजे ‘सुकुइ’, तो घोळवून हलवणे म्हणजे ‘मोमी’. नवशिक्याचा दम बहुधा सुरुवातीच्या जोरातच संपतो, मग ओळीचे शेपूट घाईने आवरावे लागते. दुसरी चूक म्हणजे आवाज सतत थरथरवणे: आधी स्वर सरळ धरलेला नसेल, तर हेलकावा कशावर घेतला हेच कळत नाही.

नाना घराण्यांच्या चालींतून प्रमाण चाल मेइजी काळाच्या (१८६८–१९१२) अखेरीस ठरली. १९६३ पासून एसाशीत राष्ट्रीय स्पर्धा भरते.