देवराईची कड कुठे संपते?

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी आणि आजरा या तालुक्यांत, जुन्या सदाहरित रानाचे काही तुकडे देवाच्या नावाने टिकून राहिले आहेत. वाळकी काटकीही न उचलण्याचा दंडक जिथे पाळला गेला, तिथे शेजारचा डोंगर बोडका झाला तरी देवराई उभी राहिली. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातील अशा राया अभ्यासून त्यांचे जैविक मोल शास्त्रीय जगापुढे मांडले. तोड थांबली म्हणजे रान वाचले, असे मात्र म्हणता येत नाही.

रानाच्या कडेला ऊन तिरपे आत शिरते, वारा थेट खोडांना भिडतो आणि पालापाचोळ्यातील ओल लवकर उडते. सावलीत रुजणारी रोपे तिथे करपतात आणि घाणेरी, रानमोडी यांसारख्या उन्हाला सोकावलेल्या झुडपांचे फावते. हा परिणाम किती आत पोहोचतो, हे ब्राझीलमधील मानौस शहराच्या उत्तरेला 1979 मध्ये सुरू झालेल्या दीर्घ प्रयोगात मोजले गेले. तिथे 1, 10 आणि 100 हेक्टरांचे तुकडे मुद्दाम राखून भोवतालचे जंगल हटवले होते. हवामानातील काही बदल कडेपासून सुमारे 100 मीटरपर्यंत जाणवले, तर झाडे मरण्याचे वाढलेले प्रमाण 300 मीटर आतपर्यंत आढळले.

हाच 100 मीटरांचा आकडा धरून हिशेब केला, तर 100 हेक्टरांच्या चौरस रानात 64 हेक्टर खरा गाभा उरतो. 10 हेक्टरांत जेमतेम सव्वा हेक्टरच्या वर. आणि 1 हेक्टरात काहीच नाही, कारण त्याचा मध्यबिंदूच कडेपासून 50 मीटरांवर असतो. आपल्या कित्येक राया याहूनही लहान आहेत. ब्राझीलचे आकडे सह्याद्रीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, परंतु लहान राईला गाभा कमी पडतो, हे भूमितीच सांगते. शंभर वर्षांचे झाड डौलात उभे असते आणि त्याखाली त्याच जातीचे एकही रोप नसते. राई पाहताना नजर शेंड्याकडे नव्हे, जमिनीकडे हवी.

त्यात जीर्णोद्धाराच्या नावाखाली देवळाभोवती फरशी घातली, सभामंडप वाढवला आणि गाडीरस्ता थेट दारापर्यंत नेला, की राईच्या मधोमध दुसरी कड तयार होते. माझ्या मते हे नुकसान कुऱ्हाडीच्या तोडीपेक्षा अधिक फसवे आहे, कारण ते भक्तीने केलेले असते.

मानौसच्या तुकड्यांभोवती जिथे झुडपी रान पुन्हा वाढू दिले, तिथे कड निवली आणि नाहीसे झालेले काही कीटकभक्षी पक्षी परतले. एक हेक्टरच्या चौरस राईभोवती 30 मीटरांचा पट्टा न नांगरता, न जाळता सोडला आणि त्यात रान दाटले, तर मध्यबिंदू कडेपासून 50 ऐवजी 80 मीटरांवर जातो. त्यासाठी सुमारे दीड हेक्टर जमीन लागते, आणि ती बहुधा कुणाच्या तरी मालकीची असते.